झाकली मूठ आणि उघडी वही

(नेसरी येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. दुकानाची पाटी वाचता, एस. टी. चा फलक वाचता. आज मी तुम्हांला आणखी एक गोष्ट वाचायला सांगणार आहे. ती म्हणजे आपल्याच घरातले कागद. बँकेचे पासबुक, सोसायटीचा उतारा, सोनेतारणाची पावती, हप्त्याचे कार्ड. हे कागद नवऱ्याने एकट्याने वाचायचे नाहीत आणि बायकोनेही एकटीने वाचायचे नाहीत. दोघांनी मिळून वाचायचे. का, ते सांगतो.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हण खरी आहे. पण ती गावासाठी आहे. घरात किती आहे आणि किती नाही, हे गावाला कशाला सांगायचे? परंतु हीच मूठ नवरा बायकोपासून झाकू लागला, बायको नवऱ्यापासून झाकू लागली, की त्या घराला वाळवी लागली म्हणून समजा. वाळवी बाहेरून दिसत नाही. दार उभे असते, चौकट उभी असते. एक दिवस हात लावला की भुसा खाली पडतो.

एक घर डोळ्यांपुढे आणा

समजा, एक घर आहे. अमुक एकाचे म्हणून नव्हे. दोन एकर ऊस, एक म्हैस, दोन मुले. नवरा कष्टाळू, बायको काटकसरी. कुणालाही वाटावे, सुखाचा संसार आहे.

नवऱ्याने बोअर मारली. पाणी लागले नाही. पैसे मात्र गेले. हे पैसे त्याने एका खासगी सावकाराकडून आणले होते. पन्नास हजार रुपये, दर महिना शेकडा पाच व्याजाने. घरात सांगितले, "सोसायटीतनं उचललं." तिला काळजी नको, असे त्याला वाटले. म्हणजे त्याच्या मनात कपट नव्हते. लाज होती, आणि थोडी मायाही होती.

आता हिशेब करू या. पाटी घ्या. पन्नास हजारांना शेकडा पाच म्हणजे महिन्याला अडीच हजार व्याज. वर्षाला तीस हजार. वीस महिन्यांत झाले पन्नास हजार. म्हणजे जेवढे घेतले तेवढे व्याजातच गेले, आणि मुद्दल पन्नास हजार जिथल्या तिथे!

उसाचे बिल येईना, सावकार थांबेना. मग तो बायकोला म्हणाला, "तुझी बोरमाळ दे, सोनाराकडनं उजळून आणतो." बोरमाळ पतसंस्थेत गहाण पडली. एका खोटेपणाला झाकायला दुसरा खोटेपणा आला, दुसऱ्याला झाकायला तिसरा.

इकडे बायकोचीही एक मूठ झाकलेली होती. तिच्या भावाला दवाखान्यात ठेवले होते. तिने फायनान्सवाल्यांच्या गटातून तीस हजार रुपये उचलून माहेरी दिले. हप्ता ती दूधबिलातून भरत होती. नवऱ्याला सांगायची, "म्हस आटलीया."

मग व्हायचे तेच झाले. सावकाराचा माणूस दारात आला आणि चार शेजाऱ्यांसमोर बोलला. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. ती म्हणाली, "कर्ज झालं, त्येचं मला कायबी वाटत न्हाई. दोघं राबून फेडलं असतं. पर माझ्या गळ्यातलं गहाण टाकताना मला इचारलं न्हाईसा. त्येचं दुखतंय." तो खाली मान घालून बसला. आणि थोड्या वेळाने तिलाही आपल्या हप्त्याच्या कार्डाची आठवण झाली, आणि ती गप्प झाली.

मंडळी, या गोष्टीत दारू नाही, जुगार नाही, कुणी दुष्ट माणूस नाही. तरीही घर हादरले. तिचे वाक्य नीट ध्यानात ठेवा. कर्जाने पैसा जातो, तो पुन्हा मिळवता येतो. लपवण्याने शब्दाची किंमत जाते. मग नवरा खरे बोलला तरी बायकोला खरे वाटत नाही, आणि बायको खरे बोलली तरी नवऱ्याला वाटत नाही.

ओळखावे कसे?

कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही. लपवलेला पैसाही कुठून तरी डोके वर काढतो. त्याच्या खुणा अशा असतात.

पैशाचा विषय निघाला की माणूस उठून जातो, किंवा विनाकारण रागावतो. पासबुक सापडत नाही. मोबाईल उपडा ठेवतो, फोन आला की परड्यात जाऊन बोलतो. ऊसबिल जमा झाल्याचे शेजाऱ्याकडून कळते, घरातून कळत नाही. दूध तेवढेच जाते, पण दहा दिवसांचे बिल कमी सांगितले जाते. दागिना "पॉलिशला" जातो आणि महिनाभर परत येत नाही. "नुसती सही कर, काही नाही," असे म्हणून कागद पुढे केला जातो.

अलीकडे एक नवे दुखणे आले आहे. ते मोबाईलमध्ये राहते. पैसे लावून पत्ते खेळायचे, दामदुपटीच्या योजनेत गुपचूप रक्कम घालायची, मोबाईलवरच झटपट कर्ज काढायचे. पूर्वी जुगाराचा अड्डा गावाबाहेर असे, आता तो खिशात आला. पैसे लावून खेळायच्या अशा मोबाईलवरच्या खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. पण कायदा झाला म्हणून सवय लगेच सुटत नाही.

मात्र एक सांगतो. एक खूण दिसली की लगेच चोर म्हणून बोट दाखवू नका. माणूस आजारी असेल, काळजीत असेल. आधी विचारा. आणि विचारायचे ते भांडणाच्या वेळी नाही, पाहुण्यांसमोर नाही, मुलांसमोर तर नाहीच. जेवणे झाल्यावर, मुले निजल्यावर, शांतपणे विचारा, "काही अडलंय का? जे असेल ते सांगा. आपण बघू."

डाळीच्या डब्यातले पैसे

इथे बसलेल्या मायबहिणी मनात म्हणत असतील, "गुरुजी, आम्ही डाळीच्या डब्यात चार पैसे ठेवतो, ती पण लबाडीच का?"

नाही, बाई. अडीनडीला म्हणून बाजूला ठेवलेला पैसा हा घराचाच पैसा आहे. कितीतरी घरांत पोराची फी आणि म्हाताऱ्याचे औषध त्याच डब्यातून आले आहे. आणि जिथे नवरा दारूपायी भांडी विकतो, तिथे बायकोने पैसा झाकून ठेवला नाही तर मुले उपाशी निजतील. तिला कोण नाव ठेवील?

फरक ओळखायचा तो असा. मनाला विचारा, "हे उद्या उघड झाले तर घर सावरेल की घर हादरेल?" डब्यातले दोन हजार उघड झाले तर घर हसेल. शेकडा पाचचे कर्ज उघड झाले तर घर हादरेल. मात्र ज्या घरी नवरा व्यसनी नाही, तिथे डबा आहे एवढे तरी त्याला माहीत असू द्या. त्यातले पैसे त्याने मोजायचे नाहीत.

दागिना कुणाचा?

आता नवरेमंडळींनी कान उघडे ठेवून ऐकावे. बायकोला लग्नाच्या आधी, लग्नात आणि नंतर मिळालेले दागिने, पैसा, वस्तू हे तिचे स्त्रीधन. त्याची मालकीण ती एकटी. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे स्पष्ट सांगितले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सांगितले.

२०२४ चा तो खटला केरळमधला होता. लग्नात माहेरच्यांनी मुलीला ८९ पवन सोने घातले होते. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. तिचे म्हणणे असे की, पहिल्याच रात्री नवऱ्याने "नीट ठेवतो" म्हणून सगळे सोने घेतले, आईच्या हवाली केले, आणि ते त्यांच्या जुन्या कर्जात गेले. पुष्कळ वर्षे खटला चालला. शेवटी न्यायालयाने तिला पंचवीस लाख रुपये द्यायला लावले. न्यायालय म्हणाले, स्त्रीधन हे नवरा-बायकोचे सामाईक धन होत नाही. अडचणीच्या वेळी नवरा ते वापरू शकतो, पण परत करणे हे त्याचे कर्तव्य आहे.

म्हणजे संकटात बायकोचा दागिना मोडू नये असे नाही. आपल्याकडे किती माउल्यांनी स्वतः होऊन पाटल्या काढून दिल्या, मुले शिकवली, विहिरी बांधल्या. पण ते देणे होते. न विचारता नेणे ही गोष्ट वेगळी.

सावरायचे कसे?

समजा, झाले ते झाले. मूठ उघडली. आता पुढे काय?

पहिली गोष्ट, एकदाच आणि सगळे सांगावे. आज दहा हजार सांगितले, आठवड्याने आणखी वीस निघाले, महिन्याने तिसरा सावकार निघाला, असे करू नये. दर वेळी जखम पुन्हा फाटते. एकदा मोठा घाव बसला तरी तो भरतो. ज्याने लपवले त्याने "पण तुझ्यामुळेच" असे म्हणू नये. चूक कबूल करावी आणि गप्प ऐकून घ्यावे.

दुसरी गोष्ट, सगळे कागदावर आणावे. एक कोरे पान घ्या. कुणाचे देणे, किती, व्याज किती, हप्ता कधी, तारण काय, जामीन कोण, असे सहा रकाने पाडा. आपल्या नावावर बँकेची, पतसंस्थेची, फायनान्सची कोणती कर्जे आहेत याचा अहवाल सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. शिकलेल्या मुलाला सांगा, तो काढून देईल. सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा लिहिलेला असतो, तोही वाचा. सावकाराचे मात्र कुठेच सापडणार नाही. ते तोंडानेच सांगावे लागते.

तिसरी गोष्ट, जास्त व्याजाचे आधी फेडावे. बाहेर चार लोकांत बोलणी बसतात म्हणून माणूस पाहुण्याचे हातउसने आधी देतो आणि शेकडा पाचचे तसेच ठेवतो. ते उलटे आहे. पाहुण्याची हात जोडून मुदत मागावी. पण एक नियम पाळा. जुने फेडायला नवे कर्ज काढायचे असेल तर ते कमी व्याजाचे हवे, आणि दोघांना माहीत हवे.

सावकाराला भिऊ नका. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जाला वर्षाला शेकडा नऊ आणि विनातारण कर्जाला शेकडा बारा, हा दर त्या वर्षी ठरवून दिला गेला. कुठे वर्षाचे नऊ आणि कुठे महिन्याचे पाच! तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाच्या कचेरीत तक्रार देता येते. फायनान्सच्या गटकर्जालाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितले की, कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि बिनलग्नाची मुले. म्हणजे बायकोचा हप्ता नवऱ्याच्या हप्त्यात मिळवूनच मोजायचा. गटकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नवाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर दारात येणेही नियमाला धरून नाही.

चौथी गोष्ट, कुणाला सांगायचे ते दोघांनी ठरवावे. सासू, नणंद, मेहुणा सगळ्यांना गोळा केले की हिशेब बाजूला राहतो आणि मागची पंचवीस वर्षे निघतात. एखादा समंजस वडीलधारा पुरे.

पाचवी गोष्ट, वेळ द्यावा. बाभळीचा काटा सुईने निघतो, पण ठणका दोन दिवस राहतो. विश्वासाचेही तसेच आहे. ज्याचा विश्वास मोडला त्याने चार वेळा विचारले तर चार वेळा उत्तर द्यावे. "किती वेळा तेच तेच!" असे म्हणू नये. आणि दुसऱ्यानेही, सगळे सांगून झाल्यावर आणि फेड सुरू झाल्यावर, प्रत्येक भांडणात तोच दगड उचलू नये.

तुकोबांची कर्जखते

तुकाराम महाराजांची एक गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. त्यांच्या घरी पिढीजात सावकारी होती. १६३० चा भयंकर दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मेली. तुकोबांच्या मनाने घेतले, की लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडवावी. पण धाकटा भाऊ कान्होबा भागीदार होता. तेव्हा महाराजांनी काय केले? खतांच्या दोन वाटण्या केल्या. भावाची वाटणी भावाच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली, असे सांगतात.

किती मोठी गोष्ट आहे ही! काम पुण्याचे होते, तरी दुसऱ्याच्या वाट्याला त्याला सांगितल्याशिवाय हात लावला नाही. मग आपण तर संसारी माणसे. कर्ज काढताना, जामीन राहताना, दागिना उचलताना आपल्या भागीदाराला विचारायला नको का? नवऱ्याची भागीदार बायको आणि बायकोचा भागीदार नवरा.

जामिनाचे तर विशेष सांगतो. मित्राच्या शब्दाखातर गुपचूप जामीन राहणारे पुष्कळ आहेत. १८७२ च्या करार कायद्यापासून नियम असा, की कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामिनाची. मित्राने बुडवले तर नोटीस तुमच्या दारात येते, आणि ती नोटीस बायको उघडते.

याच्या उलटही घडले आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचे काम हाती घेतले. हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावावर केला. ज्या मालमत्तेवर दोघांची नावे आहेत, ती गहाण टाकायला दोघांच्या सह्या लागतात. मग झाकायला जागाच उरत नाही.

न सावरले तर?

सगळीच घरे समजुतीने सावरत नाहीत. दमदाटी करून सही घेणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे, घरखर्चाला पैसा न देणे, यालाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात छळच म्हटले आहे. बहिणींनो, तुम्हांला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि कुठल्याही कर्जाला तुम्ही सही केलेली नसेल, तर त्यासाठी तुमची स्वतःची मिळकत कुणी मागू शकत नाही. म्हणून सही जपून करा. पूर्वी अंगठा उठवताना कागद कळत नव्हता. आता कळतो.

आणि बंधूंनो, तुम्हांलाही एक शब्द. कर्ज लपवणारा माणूस रात्री एकटा पडतो. त्याला वाटते, घरात कळले तर तोंड कसे दाखवू? त्या अंधारात कुणी कुणी जीव देतात. असा विचार मनात आला तर तो एकट्याने सोसू नका. शेजारी निजलेल्या माणसाला उठवा आणि सांगा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रीबेरात्रीसुद्धा बोलायला माणूस असतो. ती रागावेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. पण तिला कर्ज परवडेल. तुमच्यावाचूनचे घर परवडणार नाही.

उघडी वही

शेवटी काम देतो. मास्तर आहे, काम दिल्याशिवाय कसा सोडीन?

बाजारात दोनशे पानी वही मिळते. ती आणा. डाव्या पानावर आलेला पैसा लिहा. दूधबिल, मजुरी, ऊसबिल, पोराने पाठवलेले. उजव्या पानावर गेलेला पैसा लिहा. एक दिवस नवऱ्याने लिहावे, एक दिवस बायकोने. दर रविवारी रात्री दोघांनी बेरीज करावी. त्या वेळी पासबुक, हप्त्याची कार्डे, सोनेतारणाच्या पावत्या पुढ्यात असाव्यात. बेरीज चुकली तर हसून पुन्हा करा. किती रकमेच्या वर खर्च करताना एकमेकांना विचारायचे, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि खाली दोघांनी सह्या करा.

ही वही कुलपात ठेवू नका. देवघराशेजारी, नाही तर चुलीपाशीच्या फळीवर ठेवा. घरातल्या दोघांना कधीही हाती येईल अशी. शेजारी मागायला आले तर मात्र देऊ नका. त्यांच्यापुरती आपली मूठ झाकलेलीच बरी.

उद्याच्या वर्गाला येताना प्रत्येकाने पहिल्या दिवसाचा हिशेब लिहून आणावा. आकडे मला दाखवू नका. फक्त तो दोन हातांनी लिहिलेला आहे का, एवढेच मी बघणार आहे.